ऑस्कर नामांकनांवरील वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक वर्षी जानेवारीत, भारतात संध्याकाळी सातच्या सुमारास, ऑस्करची नामांकने जाहीर होतात. त्यानंतर कोणाला नामांकन मिळाले यापेक्षा कोणाला मिळाले नाही याचीच चर्चा अधिक होते. ही चर्चा व्हायलाच हवी, असे माझे मत आहे. मात्र नामांकन ही चित्रपटाची गुणपत्रिका नसून एका ठरावीक मतदारवर्गाने, ठरावीक पद्धतीने केलेल्या मतदानाचा निकाल आहे, हे लक्षात न घेता घातलेला वाद बहुधा चुकीच्या माणसावर जाऊन आदळतो. पुढील प्रश्न वाचकांकडून आणि चित्रपटप्रेमी मित्रमंडळींकडून दरवर्षी विचारले जातात.

नामांकने नेमके कोण ठरवते? आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांसारखी तिथे ज्युरी असते का?

ज्युरी नसते. अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था १९२७ साली स्थापन झाली आणि तिचा पहिला पुरस्कार सोहळा १६ मे १९२९ रोजी झाला. आज तिचे सदस्य दहा हजारांहून अधिक असून ते व्यवसायानुसार वेगवेगळ्या शाखांमध्ये विभागलेले आहेत. अभिनयाची नामांकने अभिनेत्यांची शाखा ठरवते, दिग्दर्शनाची दिग्दर्शकांची, संकलनाची संकलकांची. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनासाठी मात्र सर्व शाखांचे सदस्य मत देतात आणि अंतिम फेरीतही सर्वांना मताधिकार असतो.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मोजकी माणसे एकत्र बसतात, चित्रपट पाहतात, आपसांत चर्चा करतात आणि नामांकनांचा टप्पा न ठेवता थेट निकाल जाहीर करतात. तिथे ‘ज्युरीने असे का केले’ हा प्रश्न अगदी रास्त असतो, कारण उत्तर देऊ शकेल अशी ज्युरी अस्तित्वात असते. ऑस्करच्या बाबतीत हजारो माणसांनी आपापल्या घरी बसून भरलेल्या मतपत्रिकांची बेरीज आपल्यासमोर येते. त्या बेरजेमागे एक कल किंवा पूर्वग्रह असू शकतो, मात्र एका खोलीत बसून आखलेला कट बहुधा नसतो.

समीक्षकांना, प्रेक्षकांना, सहकाऱ्यांना अशा सगळ्यांना आवडलेली अभिनेत्री पाचांच्या यादीत नसते, हे कसे शक्य आहे?

याचे उत्तर मतमोजणीत आहे. नामांकनाच्या फेरीत मतदार आपल्या शाखेतील पाच नावे पसंतीक्रमाने लिहितो. यादीत येण्यासाठी किती मते लागतील हे ठरवण्यासाठी एकूण मतपत्रिकांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागतात आणि आलेल्या उत्तरात एक मिळवतात. समजा, ६०० मतपत्रिका आल्या आणि जागा पाच आहेत. ६०० भागिले ६ म्हणजे १००, अधिक १, म्हणजे कोटा १०१ मतांचा झाला.

आता समजा, पहिल्या पसंतीची मते सात अभिनेत्रींमध्ये १४०, ११५, १०४, ८०, ७०, ५५ आणि ३६ अशी विभागली गेली. पहिल्या तिघींनी कोटा ओलांडला, म्हणून त्यांची नामांकने तिथेच निश्चित झाली. कोट्याहून जास्तीच्या मतांचे काय करायचे याचा स्वतंत्र नियम आहे, तो इथे बाजूला ठेवू. उरलेल्या दोन जागांसाठी सर्वांत कमी मते असलेली अभिनेत्री बाद होते, तिच्या ३६ मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीच्या नावाकडे वळतात आणि जागा भरेपर्यंत हे असेच चालू राहते. याच निवडणुकीत एक आठवी अभिनेत्री आहे असे धरा. ३०० मतदारांनी, म्हणजे निम्म्या शाखेने, तिला दुसरी पसंती दिली आहे, परंतु पहिली पसंती एकानेही दिलेली नाही. तिचा विचार सुरुवातीलाच संपतो. निम्म्या मतदारांच्या मते ती वर्षातील दुसऱ्या क्रमांकाची अभिनेत्री असूनही ती यादीबाहेर राहते, आणि जिच्यावर १०१ जणांचे मनापासून प्रेम आहे ती आत येते.

ही पद्धत सर्वसंमतीपेक्षा उत्कटतेला झुकते माप देते. मला ती नामांकनासाठी योग्य वाटते, कारण त्यामुळे सौम्यपणे सर्वांना बऱ्या वाटणाऱ्या पाच कामांऐवजी कोणाला तरी तीव्रतेने भावलेली पाच कामे पुढे येतात. मात्र तिची किंमतही आहे. ‘तिचे काम उत्तमच होते, शंकाच नाही’ असे म्हणून ज्या कामाचा प्रश्न सर्वांनी मिटला असे गृहीत धरले, तेच काम दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर विखुरले जाते आणि नामांकनाच्या दिवशी सर्वांना आश्चर्याचा धक्का बसतो.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळते आणि दिग्दर्शकाला मात्र मिळत नाही. मग तो चित्रपट काय आपोआप तयार झाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण त्याचे निम्मे उत्तर साध्या अंकगणितात आहे. १९४४ ते २००८ या वर्षांच्या चित्रपटांसाठी दोन्ही विभागांत पाच-पाच जागा होत्या. जानेवारी २००९ मध्ये ‘द डार्क नाइट’ला आठ नामांकने मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत तो नव्हता. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि त्याच वर्षी अकादमीने या विभागातील जागा दहा केल्या. त्यामागे या गदारोळाचा मोठा वाटा होता असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मधली काही वर्षे ही संख्या पाच ते दहा अशी बदलती होती आणि २०२२ च्या सोहळ्यापासून ती पुन्हा दहावर स्थिर झाली. दिग्दर्शनाच्या जागा मात्र पाचच राहिल्या. दहा चित्रपटांचे पाच दिग्दर्शक बाहेर राहणारच.

उरलेले निम्मे उत्तर मतदारवर्गात आहे. दिग्दर्शकांची शाखा लहान आहे, तिची आवड स्वतंत्र आहे आणि अमेरिकेबाहेरच्या दिग्दर्शकांकडे तिचा ओढा दिसतो. २०१३ साली ‘आर्गो’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार जिंकला, तेव्हा त्याचे दिग्दर्शक बेन ॲफ्लेक यांना दिग्दर्शनाचे नामांकनही नव्हते.

एखाद्याला डावलले गेले, असा आरोप केव्हा करावा?

‘कोणाच्या जागी?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर असेल तेव्हा. जागा पाच असतील तर सहावे नाव आत आणण्यासाठी एक नाव बाहेर काढावे लागते. ते नाव स्पष्टपणे सांगायची तयारी नसेल, तर आपण फक्त नाराजी व्यक्त करत आहोत, अन्याय सिद्ध करत नाही.

२०२४ साली ‘बार्बी’वरून झालेला वाद हे याचे उत्तम उदाहरण आहे. ग्रेटा गर्विग यांना दिग्दर्शनाचे आणि मार्गो रॉबी यांना अभिनयाचे नामांकन मिळाले नाही, यावर जगभर संताप व्यक्त झाला. पितृसत्तेवरच्या चित्रपटात केन साकारणाऱ्या रायन गॉसलिंग यांना नामांकन मिळावे आणि बार्बी साकारणारीला मिळू नये, हा विरोधाभास मांडायला सोपा होता, त्यामुळे तो सगळीकडे पसरला. वस्तुस्थिती अशी होती की चित्रपटाला आठ नामांकने होती. गर्विग यांना आधारित पटकथेसाठी सहलेखक म्हणून, रॉबी यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी निर्मात्या म्हणून आणि अमेरिका फेरेरा यांना सहाय्यक अभिनेत्री म्हणून नामांकन मिळाले होते. गॉसलिंग हे सहाय्यक अभिनेत्याच्या विभागात होते, त्यांची स्पर्धा रॉबी यांच्याशी नव्हतीच.

रॉबी यांच्या विभागातील पाच नावे होती एमा स्टोन, लिली ग्लॅडस्टोन, सांड्रा ह्यूलर, कॅरी मलिगन आणि ॲनेट बेनिंग. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या विभागात अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रीला प्रथमच नामांकन मिळाले होते, ते ग्लॅडस्टोन यांना, आणि ती घटना या गदारोळात झाकोळून गेली. दिग्दर्शनाच्या पाचांमध्ये जस्टीन त्रिए ही स्त्री होती, तिचाही उल्लेख अनेक संतप्त लेखांत नव्हता. गर्विग यांच्या बाजूने युक्तिवाद नक्कीच करता येतो. रंग, नेपथ्य, नृत्य आणि विनोद यांचा इतका अवघड मेळ साधणे हे दिग्दर्शनाचेच काम आहे आणि विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शनाला अकादमी नेहमीच कमी लेखत आली आहे. हा युक्तिवाद मला पटतो. परंतु तो करणाऱ्याने नोलन, स्कोर्सेसी, ग्लेझर, लँथिमॉस आणि त्रिए यांच्यापैकी कोणाचे काम उणे होते, हेही सांगायला हवे होते.

मग ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ ही मोहीमही निराधार होती का?

मुळीच नाही. ‘कोणाच्या जागी’ ही कसोटी एका वर्षाच्या एका जागेसाठी आहे, वर्षानुवर्षे दिसणाऱ्या आकृतिबंधासाठी ती अपुरी आहे. जानेवारी २०१५ मध्ये अभिनयाच्या चार विभागांतील वीसही नामांकने गोऱ्या कलाकारांना मिळाली. तेव्हा एप्रिल रेन यांनी समाजमाध्यमावर हा हॅशटॅग सुरू केला. पुढच्या वर्षी पुन्हा वीसपैकी वीस. २०१५ मध्ये ‘सेल्मा’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होता, पण मार्टिन ल्यूथर किंग साकारणारे डेव्हिड ओयेलोवो नव्हते आणि दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने याही नव्हत्या. २०१६ मध्ये ‘क्रीड’साठी नामांकन मिळाले ते सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना. नायक मायकेल बी. जॉर्डन आणि दिग्दर्शक रायन कूगलर हे दोघेही कृष्णवर्णीय होते, आणि दोघेही यादीबाहेर राहिले.

इथे तक्रार अमुक एका नटाच्या जागेबद्दल नव्हती, तर मतदारयादीबद्दल होती, आणि म्हणूनच ती परिणामकारक ठरली. जानेवारी २०१६ मध्येच अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्य समूहांतील सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर जगभरातून मोठ्या प्रमाणावर नवे सदस्य घेतले. २०२० साली दक्षिण कोरियाचा ‘पॅरासाइट’ हा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवणारा पहिला चित्रपट ठरला. त्याचे श्रेय केवळ बदललेल्या मतदारयादीला देणे चित्रपटावर अन्याय करणारे होईल, पण जुन्या मतदारयादीने हाच निकाल दिला असता असे मला वाटत नाही.

मुख्य भूमिका असूनही कलाकार ‘सहाय्यक’ विभागात का दिसतात?

कारण स्पर्धा तिथे सोपी असेल असा निर्मिती संस्थेचा अंदाज असतो. संस्था एका विभागाची शिफारस करते, पण अंतिम निर्णय मतदाराचा असतो. २०२१ साली ‘जूडस अँड द ब्लॅक मसाया’मधील डॅनियल कलूया आणि लकीथ स्टॅनफिल्ड या दोघांनाही सहाय्यक अभिनेत्याचे नामांकन मिळाले. शीर्षकातील दोन्ही माणसे सहाय्यक असतील तर चित्रपट कोणाचा, हा प्रश्न तेव्हा योग्यच विचारला गेला. त्याहून जुना आणि विलक्षण प्रसंग १९४४ च्या ‘गोइंग माय वे’चा आहे. त्यात बॅरी फिट्झजेराल्ड यांना एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहाय्यक अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळाले होते. त्यानंतर अकादमीने नियम बदलला. अशा खेळीत खरे नुकसान होते ते दहा मिनिटांच्या भूमिकेत जीव ओतणाऱ्या चरित्र अभिनेत्यांचे, कारण तो विभाग त्यांच्यासाठीच निर्माण केलेला आहे.

‘अमुक मराठी चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशा बातम्या दर जानेवारीत येतात. त्यांचा अर्थ काय?

बहुतेक वेळा इतकाच, की त्या चित्रपटाने पात्रतेच्या अटी पूर्ण केल्या आहेत. अमेरिकेतील ठरवून दिलेल्या सहा महानगर परिसरांपैकी एका ठिकाणी सात दिवस व्यावसायिक प्रदर्शन करून आवश्यक कागदपत्रे भरली, की चित्रपटाचे नाव पात्र चित्रपटांच्या यादीत येते. जानेवारी २०२३ मध्ये या यादीत ३०१ चित्रपट होते आणि त्यांत ‘आरआरआर’, ‘कांतारा’, ‘द काश्मीर फाइल्स’ यांच्यासोबत ‘मी वसंतराव’ हा मराठी चित्रपटही होता. त्याचा आनंद व्हायला हरकत नाही, कारण ही उठाठेव करण्यासाठीही कष्ट आणि पैसा लागतो. परंतु ती नामांकनाची यादी नव्हती आणि काही विभागांत नामांकनांआधी जाहीर होणारी निवडक पंधरांची लघुयादीही (शॉर्टलिस्ट) नव्हती. ज्या बातमीत ‘शॉर्टलिस्ट’ हा शब्द असेल, त्यात विभागाचे नाव आणि एकूण चित्रपटांची संख्या दिली आहे का, एवढे पाहिले तरी पुढचा मनस्ताप टळतो.

भारताची अधिकृत प्रवेशिका सरकार ठरवते का? २०२४ साली नेमके काय झाले?

सरकार ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि तो निवडणारी संस्था अकादमीने मान्य केलेली असावी लागते. भारतात हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपट व्यवसायातील संघटनांची शिखर संस्था करते. ती दरवर्षी एक निवड समिती नेमते.

२०२४ च्या समितीत १३ सदस्य होते, अध्यक्ष आसामी दिग्दर्शक जाह्नू बरुआ होते आणि सर्व सदस्य पुरुष होते. २९ चित्रपटांतून २३ सप्टेंबर रोजी किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची निवड जाहीर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कान महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळवला होता. तब्बल ३० वर्षांनी एखादा भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. तो का निवडला नाही, यावर फेडरेशनच्या अध्यक्षांनी दिलेले उत्तर असे होते, की भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतो आहोत असे समितीला वाटले.

हे उत्तर मला आजही अस्वस्थ करते. हा चित्रपट मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलतो. त्याची दिग्दर्शिका पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकलेली आहे. त्यातली पार्वती मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करते, नवऱ्यामागे घराची कागदपत्रे हाती नसल्यामुळे बिल्डर तिला चाळीतून हुसकावतो आणि ती बाडबिस्तरा गुंडाळून कोकणातल्या आपल्या गावी परतते. मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. दुसऱ्या एका प्रसंगात, जर्मनीत असलेल्या आणि फोनही न करणाऱ्या नवऱ्याकडून आला असावा असा लाल रंगाचा राइस कुकर परिचारिका प्रभाच्या घरी येतो आणि रात्री एकटी असताना ती त्या यंत्राला मिठी मारते. एकही शब्द न उच्चारता एका लग्नाची सगळी स्थिती तिथे कळते. यात युरोपीय काय आहे, हे समितीने सांगायला हवे होते.

तरीही त्यानंतर ‘लापता लेडीज’वर जी आगपाखड झाली ती अन्यायकारक होती. घुंगटामुळे रेल्वेत झालेली नववधूंची अदलाबदल ही कल्पना तो चित्रपट शेवटपर्यंत हसतखेळत आणि नेमकेपणाने पेलतो. स्थानकावर चहाचा ठेला चालवणारी त्यातली मंजू माई छाया कदम यांनी साकारली आहे, आणि कोकणात परतणारी पार्वतीही त्यांनीच. एकाच वर्षी एकमेकांसमोर उभ्या केल्या गेलेल्या दोन्ही चित्रपटांत एकच मराठी अभिनेत्री होती, यावर आपल्याकडे जितके लिहिले जायला हवे होते तितके लिहिले गेले नाही.

माझ्या मते खरा दोष कोणत्याही चित्रपटाचा नसून फेडरेशनच्या अस्पष्टतेचा आहे. समितीने भारताचे प्रतिनिधित्व करणारा चित्रपट निवडायचा, की अमेरिकेतील मतदारांपर्यंत पोहोचण्याची सर्वाधिक शक्यता असलेला चित्रपट निवडायचा, हे कधीही स्पष्ट केले गेलेले नाही. भारतीयत्वाची कसोटी अकादमीच्या नियमांत नाही. त्याच वर्षी जर्मनीने इराणी दिग्दर्शकाचा फारसी चित्रपट पाठवला आणि त्याला नामांकन मिळाले. फ्रान्सने प्रामुख्याने स्पॅनिश भाषेतला ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला आणि त्याला एकूण १३ नामांकने मिळाली. ब्रिटनने पाठवलेला ‘संतोष’ तर हिंदी होता आणि तो पंधरांच्या लघुयादीत पोहोचला. ‘लापता लेडीज’ त्या यादीत नव्हता.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पाठवला असता तर नामांकन नक्की मिळाले असते का?

असे ठामपणे म्हणता येणार नाही. अधिकृत प्रवेशिका नसली तरी तो दिग्दर्शन, पटकथा अशा इतर विभागांसाठी पात्र होता आणि तिथे त्याला नामांकन मिळाले नाही. मात्र त्याच्याकडे अमेरिकेत वितरक होता, तिथल्या समीक्षकांचा पाठिंबा होता आणि गोल्डन ग्लोबमध्ये कपाडिया यांना दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले होते. पाच जणांच्या यादीपर्यंत जाण्याचा रस्ता त्याच्यासाठी मोकळा होता. २०१३ साली मुंबईच्या डबेवाल्यांच्या पार्श्वभूमीवरचा ‘द लंचबॉक्स’ मागे ठेवून ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला, तेव्हाही हीच चर्चा झाली होती.

आजवर कोणते मराठी चित्रपट भारताची अधिकृत प्रवेशिका ठरले?

तीन. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’, २००९ साली परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ साली चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. या विभागात भारताला आजवर मिळालेली नामांकने ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ यांचीच आहेत.

‘श्वास’च्या वेळचे वातावरण अनेकांच्या स्मरणात असेल. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळाले होते आणि अमेरिकेतील प्रसिद्धीचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून लोकवर्गणी उभी राहिली. लोकांच्या त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला नातू आणि त्याचे कोकणातले आजोबा यांची ती साधी कथा लॉस एंजेलिसमधल्या मतदारांपर्यंत पोहोचवण्याचे काम वर्गणीवर सोडावे लागते, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी जितकी बोचणारी होती तितकीच आजही आहे. प्रवेशिका निवडून झाली की आपले काम संपले, अशीच आपल्या यंत्रणेची वृत्ती राहिली आहे.

‘कोर्ट’ हा तिघांत माझ्या मते सर्वांत मोठा चित्रपट होता. व्हेनिस महोत्सवात त्याला नव्या प्रवाहांच्या चित्रपटांसाठी असलेल्या ओरिझॉन्ती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पहिल्या चित्रपटासाठीचा असे दोन सन्मान मिळाले होते. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरचा खटला तो दुरून, कॅमेरा न हलवता दाखवतो, आणि खटल्याइतकाच वेळ सरकारी वकील बाईंच्या घरच्या संध्याकाळीला देतो. अशी शैली एका दमात डझनभर चित्रपट पाहणाऱ्या मतदाराला जड जाते. हे त्या पद्धतीचे वैगुण्य आहे, चित्रपटाचे नव्हे.

अधिकृत प्रवेशिका नसताना ‘आरआरआर’ला पुरस्कार कसा मिळाला?

देशाच्या प्रवेशिकेचा संबंध फक्त आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागाशी आहे. २०२२ साली भारताने गुजराती ‘छेल्लो शो’ पाठवला आणि तो पंधरांच्या लघुयादीपर्यंत गेला. ‘आरआरआर’ने इतर विभागांचा रस्ता धरला आणि मार्च २०२३ मध्ये ‘नाटू नाटू’ला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. हा रस्ता नवा नाही. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली ‘गांधी’साठी वेशभूषेचा ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत मिळाला, तो त्यांच्या कामासाठी, कोणत्याही देशाची प्रवेशिका म्हणून नव्हे. त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय होत.

मतदार सगळे चित्रपट पाहतात का?

नामांकनाच्या फेरीत तशी सक्ती नाही आणि शेकडो चित्रपट पाहणे शक्यही नाही. अंतिम फेरीसाठी मात्र अकादमीने एप्रिल २०२५ मध्ये नियम केला, की ज्या विभागात मत द्यायचे त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. इतका मूलभूत नियम यायला इतकी वर्षे लागली, हे खेदजनक आहे. वाद घालणाऱ्या प्रेक्षकानेही तो स्वतःला लावून घ्यावा. एखाद्या अभिनेत्रीचे काम न पाहता तिला यादीतून काढा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नामांकन जाहीर झाल्यावर रद्द होऊ शकते का?

होऊ शकते, आणि झालेही आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘अलोन येट नॉट अलोन’ या गीताचे नामांकन रद्द झाले, कारण त्याचे संगीतकार ब्रूस ब्रॉटन हे संगीत शाखेच्या व्यवस्थापनात होते आणि त्यांनी शाखेतील सदस्यांना ईमेल पाठवून आपल्या गाण्याकडे लक्ष वेधले होते. २०१७ साली ध्वनिमिश्रणातील एका नामांकित तंत्रज्ञाचे नाव, दूरध्वनीवरून प्रचार केल्याच्या कारणावरून, सोहळ्याच्या अगदी आदल्या दिवशी वगळण्यात आले.

सर्वांत गाजलेले प्रकरण २०२३ चे आहे. ‘टू लेस्ली’ या अगदी छोट्या चित्रपटाला तिकीटखिडकीवर जेमतेम प्रेक्षक लाभले होते. त्यातील अँड्रिया राइझबरो यांच्यासाठी अनेक नामवंत कलाकारांनी मतदानाच्या काळात समाजमाध्यमांवर आणि खासगी खेळांच्या निमित्ताने प्रचार केला आणि त्यांचे नाव अनपेक्षितपणे पाचांत आले. वर मतमोजणीत पाहिले त्याप्रमाणे, पहिली पसंती देणारा लहानसा पण निष्ठावान गट पुरेसा ठरतो. त्याच वर्षी व्हायोला डेव्हिस आणि डॅनियल डेडवायलर या दोन कृष्णवर्णीय अभिनेत्री यादीबाहेर राहिल्याने वाद अधिक चिघळला. अकादमीने चौकशी केली, प्रचाराच्या काही पद्धतींबद्दल चिंता व्यक्त केली आणि नामांकन कायम ठेवले.

तो निर्णय मला योग्य वाटतो. जाहिरातींची पाने, मेजवान्या आणि खास खेळ यांवर मोठ्या कंपन्या करतात तो खर्च नियमांच्या चौकटीत बसतो, आणि पैसा नसलेल्या चित्रपटाच्या चाहत्यांनी एकमेकांना केलेले फोन मात्र संशयास्पद ठरतात. डेव्हिस आणि डेडवायलर यांच्या वगळण्याचा जाब विचारायचा तर तो अभिनेत्यांच्या संपूर्ण शाखेला विचारायला हवा होता. राइझबरो यांनी त्यांची जागा हिरावली, असे म्हणायला मतपत्रिकांत कोणताही आधार नाही, कारण त्या मतपत्रिका कधीही प्रसिद्ध होत नाहीत.